उलटी गोगलगाय

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत सारं भातकुली गाव डोक्यावर गाठोडी घेऊन धावत होतं आणि आमचा शेजारी महादजी पाण्याने भरलेल्या मातीच्या नांदीशी पालथा पडून गोगलगाई बघत होता.

घरची काळी जमीन. सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपलेली आणि इथे बोंडाबोंडाला गिऱ्हाईक. याचा कापूस मात्र झाडावर लोंबून वाऱ्यावर उडे. वेचणी कधी, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "पिल्लू होऊ दे, मंग पाहू."

तळ्यातली गोगलगाय अंडी घालत नाही, पिल्लू देते, तेही घरासकट, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. बाभळीच्या काट्याने शंखाच्या काठावर ओरखडा काढून तो महिनोन्महिने बघत बसे. "घर तोंडाशी वाढते बापा. टोकावर जन्माचं घर तसंच राह्यते, कितीबी मोठी होवो." मी जांभई द्यायचो.

मग त्याला एक अशी सापडली, जिचं वेटोळं इतर साऱ्यांच्या उलट दिशेने फिरलेलं. तिला स्वतंत्र नांद मिळाली. "गाभण हाय," तो माझ्या कानात म्हणाला, जशी काही म्हैसच. "इची पिल्लं उलटी होतात का सुलटी, येवढंच मले पाह्यचं हाय."

महादजी स्वतः डावखुरा. डाव्या हाताने जेवतो म्हणून लहानपणी भरपूर मार खाल्लेला, पण हात काही बदलला नाही. उलट्याला उलटी भेटली, असं आम्ही म्हणायचो.

एकदा अकोल्याहून त्याचा मेव्हणा यशवंत आला. कापसाचा दलाल, बोटाबोटात अंगठी. नांदीत डोकावून त्याने हातच जोडले. "उलटा शंख! भाऊजी, हे तर लक्ष्मी व्हय!" महादजी आंघोळीला गेला तेवढ्यात लक्ष्मी फडक्यात गुंडाळून त्याच्या बैलबंडीत बसली.

आम्ही दोघे दुसऱ्या बंडीने मागोमाग निघालो. अकोल्यात यशवंताच्या देव्हाऱ्यात, लाल कापडावर, कुंकू लावलेला शंख होता. उकळत्या पाण्यातून काढलेला, रिकामा.

"आतलं?" महादजीने विचारलं.

"ते घाण उकिरड्यावर टाकली."

महादजी सरळ उकिरड्यावर जाऊन बसला आणि राख चिवडू लागला. सौद्याला आलेले शेठलोक हसायला लागले. यशवंत ओशाळला. "भाऊजी, काहून इज्जत घालवून राह्यले? दुसरी आणून देतो."

दुसरी कुठून आणणार होता, देव जाणे. महादजीच्या डाव्या तळहातावर चिमूटभर भुगा आला. पिल्लांचे इवलेसे शंख. वरून बंडीचं चाक गेलेलं. उलटे की सुलटे, काही कळत नव्हतं.

"आमची पोरगी पाळन्यातच गेली," तो भुग्याकडे बघतच मला म्हणाला. "खुळखुळा दोनी हातानं धरे. कोन्या हाताची व्हती, समजलंच नाही. तू कडेवर घेत व्हता ना तिले. तुले आठवते काय?"

मला आठवत नव्हतं.