चांदी करणारे जंतू

कोल्हारच्या कॉलेजात जंतूंचा विषय निघाला की शेवटचा शब्द आपला, असा सूर्यभान सरांचा जुना दावा होता. १९९९ साली माधुरी मॅडम नोकरीला लागल्या आणि दाव्याला तडा गेला.

या बाईनं राहात्याच्या एका सोनाराच्या मोरीतला गाळ आणला, त्यातले जंतू वाढवले आणि चांदीचा क्षार घातलेल्या पाण्यात सोडले. जंतूंनी त्यातून चांदीचे कण केले. कण इतके बारीक की डोळ्यांना दिसेनात. पाणी तेवढं कोऱ्या चहासारखं तांबूस झालं. सरांनीही ईर्षेनं तसाच चंबू लावला. त्यांचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, ते पांढुरकंच राहिलं.

"आज पुण्याहून तज्ज्ञ येतायत, मॅडमचा प्रयोग बघायला," प्राचार्य म्हणाले.

"मॅडमचाच?"

"तुमच्या पाण्याला रंग आला की तुमचाही दाखवू."

हे सरांच्या काळजाला मिरचीसारखं झोंबलं. मॅडम जेवायला गेल्या तशी सरांनी त्यांच्या चंबूतली धार आपल्या चंबूत ओतली. रंग फिका वाटला, म्हणून बाटलीतला चांदीचा क्षारही भसकन घातला. तो बोटांवर सांडला. तेवढ्यात शिंक आली आणि त्याच हातानं त्यांनी नाक पुसलं. चांदीच्या क्षारानं कातडी उन्हात काळी पडते, हे पोरांना दरवर्षी बजावणारे सर मत्सराच्या भरात ते साफ विसरले.

मग फाटकापाशी हार घेऊन भर उन्हात उभे राहिले.

"सर, नाकाला काजळ का लावलंय?" झाडूवाल्या छबूबाईंनी विचारलं. "दिष्ट लागंल म्हनून व्हय?"

सरांनी रुमालानं नाक खसाखसा घासलं. जितकं घासावं तितकं ते काळं होत गेलं!

प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी सरांचा चंबू पाहिला, काळी बोटं पाहिली, मग नाक पाहिलं.

"रंग बराच लांबवर पोचलाय," ते म्हणाले.

माधुरी मॅडमनी आपल्या चंबूतलं उतरलेलं पाणी बघितलं. त्यांच्या सगळं ध्यानात आलं. सरांना वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

"सर मला मदत करत होते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडचे हातमोजे संपलेत. प्रयोग आम्हा दोघांचाच आहे."

नाकावरचा डाग पुढं कातडीबरोबर निघून गेला. बाई आपल्यापेक्षा हुशार आहे, हेही सरांनी हळूहळू गिळलं. पण ती मनानंही मोठी निघावी, हे मात्र त्यांना काही केल्या पचेना.