मातीचं अस्तर

आत्मारामकाकांच्या बागेत जायचं तर फाटकाशी आधी झडती द्यावी लागे. काका हातात ब्रश घेऊन उभे असत. कोटावरची धूळ झटकायचा, लाकडी पाठीचा, उत्तम केसांचा ब्रश. पाहुण्याला एक पाय पुढे घ्यायला लावून ते खाली बसत आणि पॅन्टचा काठ झटकत. मग दुसरा पाय. पडलेलं तणाचं बी चिमटीत धरून उजेडात बघत आणि म्हणत, "ही रानमोडी. देवळाच्या मागून आलास ना?" बहुधा माणूस देवळाच्या मागूनच आलेला असे.

ती बेलबॉटमची वर्षं होती. मुंबईहून येणारे चाकरमानी त्या पायघोळात अर्धं रान घेऊन यायचे. काकांचा बेलबॉटमवर दुहेरी राग होता. एक बागायतदार म्हणून आणि दुसरा कटर म्हणून. "एवढ्या कापडात धाकट्या भावाची चड्डी निघाली असती," असं ऐकवत ते झटकत राहायचे.

काका मूळचे टेलर. गिरगावातल्या एका सुटांच्या दुकानात त्यांची उमेदीची सारी वर्षं कापड कापण्यात गेली. मूलबाळ नव्हतं. बायको गेली तेव्हा कात्री ठेवून ते मालगुंडच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत परतले. वडिलांची कातळावरची हापूसची बाग त्यांच्या वाट्याला आली होती. त्यांच्या आणि माझ्या बागेत फक्त एक चिऱ्यांचा गडगा. निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. काकांनी मातीला कपडे घालायला घेतले.

हे मी अलंकारिक बोलत नाही. उघडी माती त्यांना खरोखरच बघवत नसे. तसा तुकडा दिसला की ते अवघडून इकडेतिकडे पाहत, जणू कोणाच्या तरी न्हाणीत चुकून शिरले आहेत. "कातळावर माती ती केवढी? वीतभर. ती उघडी टाकलीस तर आपला पाऊस तिला ओढत खाडीत नेतो. अस्तर हवं, मेल्या, अस्तर." अस्तर म्हणजे पातेरा, झाडांची गळलेली वाळकी पानं, आणि त्यावर कापलेलं गवत.

तणाला ते तण म्हणत नसत, कच्चे टाके म्हणत. कापड जागेवर धरून ठेवायला शिंपी घालतो तसे. काम होईपर्यंत राहू द्यायचे, मग काढायचे. पावसाळाभर त्यांच्या बागेत गुडघ्याएवढं रान माजे. मग बी धरायच्या आत काका विळा घेऊन निघत, मुळं जमिनीतच ठेवून वरचं तेवढं कापत आणि कलमाभोवतीच्या आळ्यात पसरत. बुंध्याला मात्र ते चिकटू देत नसत. "कॉलर गळ्याला काचता कामा नये." वणव्याच्या भीतीनं गडग्याच्या आतून चौफेर एक रुंद पट्टा त्यांनी नाइलाजानं मोकळा ठेवला होता. तेवढी एकच उघडी जमीन ते सहन करत.

मी या सगळ्याकडे बरीच वर्षं संशयानं पाहिलं. जो माणूस आपल्या मताला इतक्या उपमा देतो त्याच्याकडे पुरावा कमी असावा, असा माझा वाचनातून झालेला समज आहे. मग एका वैशाखात त्यांनी माझा हात धरून पातेऱ्याखाली खुपसला. आत माती गार होती, ओलसर होती. गडग्यापलीकडे माझ्या बागेत तेव्हा धूळ उडत होती. मी हात पुसला आणि विषय बदलला.

एकदा वाडीत तणनाशकाच्या प्रचारासाठी एक साहेब आले. जीप, हार, कर्णा, सगळा थाट होता. "तण हा बागायतदाराचा शत्रू आहे" या वाक्यावर ते तीन वेगवेगळ्या वाटांनी परत आले. काका पहिल्या रांगेत बसून एकटक बघत होते. आता वाद होणार म्हणून आम्ही सरसावून बसलो. भाषण संपल्यावर काका पुढे गेले आणि हळूच म्हणाले, "साहेब, डावा खांदा उतरलाय. कोणी शिवलान हा कोट?" पुढच्या महिन्यात साहेब जीप न घेता, एस.टी.नं, कोट पिशवीत घालून आले. काकांनी खांदा उसवून बसवून दिला. तणाबद्दल साहेबांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, पण कोट अंगावर चांगला बसला.

वाडीची रीत मात्र वेगळी. पाऊस सरला की बेणणी करायची, म्हणजे गवत-झुडूप मुळापासून साफ करायचं, बाग अंगणासारखी झाडायची आणि पातेरा गोळा करून पेटवून द्यायचा. स्वच्छ बाग हा अब्रूचा प्रश्न. कुठे धूर दिसला की काका तिथे हजर. "अरे, शालू जाळतोयस, शालू." हळूहळू लोक त्यांना टाळू लागले. दुसऱ्या वाक्याला पातेरा येणार हे ठरलेलं. लग्नकार्याची बोलावणी येत, पण पंगतीत काकांच्या शेजारचं पान रिकामं राही.

आमचा पांडूदादा, वाडीतल्या सगळ्या कामांचा मुकादम, मला एकदा गंभीरपणे म्हणाला, "ता अस्तरबिस्तर काय नाय वो. एकटा मानूस. बेणणीला हात नायत, सांगायची लाज वाटते. म्हनून असा बोलतो."

दिवाळीनंतर काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दवाखाना रत्नागिरीत. मी सोबतीला होतो. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना एकच चिंता. रानमोडी आता फुलावर येईल, आपण वेळेत पोचलो नाही तर बी धरेल. घरी गेल्यावर वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा काकांनी विचारलं, "बसून विळा चालवला तर?"

रिक्षानं त्यांना घेऊन आलो तेव्हा फाटकाशी सारी वाडी उभी होती. आत पाहिलं आणि मी काकांचं कोपर घट्ट धरलं.

बागेत गवताची काडी नव्हती. पातेऱ्याचं एक पान नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी माती झाडून लख्ख केलेली, आणि मधोमध राखेचा मोठा ढीग, अजून धुमसणारा. इतक्या वर्षांचं अस्तर दोन दिवसांत गेलं होतं.

"काका, वळाकलीव का बाग?" पांडूदादा म्हणाला. त्याच्या कपाळावर काजळी होती. "तुमी एकटे. आता वाकायचा पन नाय. म्हटला, आपन करून टाकू."

मी काकांकडे बघत होतो. लहानशा धुरावर धावून जाणारा हा माणूस आता काय बोलेल, या धास्तीनं मला त्यांच्या ऑपरेशनच्या टाक्यांची काळजी वाटत होती. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कोण कोण होतं रे?" त्यांनी विचारलं.

पांडूदादानं नावं सांगितली. काका प्रत्येक नाव पुन्हा म्हणत होते.

"येसू पण? तिचा गुडघा धरलाय ना?"

"बसून बसून काढलान तिनं. ऐकते होय कुनाचं?"

"चहा घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही," काका म्हणाले. घरात कप दोनच होते. बायका आपापल्या घरून घेऊन आल्या. ज्या ओटीवर वर्षानुवर्षं मी सोडून कोणी टेकलं नव्हतं तिथे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि काकांनी पातेऱ्याचं नाव काढलं नाही.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "काका, बोलला नाहीत काही?"

"काय बोलू?" त्यांनी किटली विसळून उपडी घातली. "पाला काय, पुढल्या साली पुन्हा गळेल."

तो गळला, आणि पुन्हा अस्तर धरू लागला. पण पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर काका स्वतः पांडूदादाकडे गेले आणि म्हणाले, रस्त्याकडची चार कलमं माझ्यानं होत नाहीत, वाडीनं येऊन तेवढं साफ करून द्यावं. खरं म्हणजे टाके केव्हाच सुकले होते आणि उरलेली सगळी बाग काका एकटेच सांभाळत होते.

तेव्हापासून दर वर्षी वाडी येते, ती चार कलमं मुळापासून बेणते, झाडते आणि ढीग पेटवते. तिथली माती आता विटेसारखी झाली आहे आणि त्या कलमांना आंबा जेमतेम लागतो. धूर वर चढत असतो, काका किटली घेऊन सगळ्यांमधून फिरत असतात, आणि मध्येच थांबून विचारतात, "येसू दिसत नाही ती यंदा?"