मोझेसकाकांचा रविवारचा ओटा

विकायच्या वस्तूची खोड गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगणारा एकच विक्रेता मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे पनवेलचे आमचे शेजारी मोझेसकाका. दर रविवारी सकाळी ते घराच्या ओट्यावर जुनं सामान मांडून बसत. आरसे, खाटा, स्टोव्ह, पाटे-वरवंटे, दांडा नसलेल्या कढया, काडी मोडलेल्या छत्र्या. कोणी एखाद्या वस्तूला हात लावला की काका चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत आणि म्हणत, "थांबा. आधी खोड ऐका."

खोड ऐकून निम्मी गिऱ्हाइकं जात. उरलेल्यांना ते त्या वस्तूचा इतिहास सांगत. त्यात बाकीची जात.

एकदा कोन गावाहून बाजाराला आलेली एक बाई आरसा बघायला थांबली. मुलीच्या लग्नात द्यायचा होता. काकांनी तिला सांगितलं की हा आरसा डावीकडून माणसाला रोड दाखवतो, म्हणून ज्यांचा होता त्या लियाबाई नेहमी उजवीकडे उभ्या राहायच्या, आणि नवऱ्याशी भांडण झालं की आरशाकडे पाठ करून बसायच्या. पुढे लियाबाईंच्या नवऱ्याचा स्वभाव सुरू झाला तेव्हा बाईने टोपली डोक्यावर घेतली. "मना आरसा पायजे बाबा, लियाबाय नाय," असं म्हणून ती चालती झाली. काकांना वाईट वाटलं नाही. मला म्हणाले, "बरं झालं गेली. लग्नाच्या घरात खोडीचा आरसा जायला नको."

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मी कचेरीत कारकून म्हणून पनवेलला आलो होतो, आणि तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत आम्हा नवरा-बायकोला दोन खोल्या मिळाल्या होत्या. भिंतीपलीकडे मोझेसकाकांचं घर. ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, सुती कोट आणि डोक्यावर काळी टोपी. बायको रिबेका वारलेली. एकुलती एक मुलगी नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली होती.

पनवेलला यहुद्यांची जुनी वस्ती. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, आपल्यासारखीच मराठी बोलणारी, आपल्यासारखंच नारळाच्या रसात मासे शिजवणारी माणसं. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्या वर्षांत त्यांच्यातली घरंच्या घरं निघाली होती. मुंबईला जायचं आणि तिथून विमानाने इस्रायलला. विमानात वजनाचं बंधन. त्यामुळे प्रत्येकजण जाताना उरलेलं सामान मोझेसकाकांकडे आणून टाकी. काका, तुम्ही विका, येतील ते पैसे तुम्हीच ठेवा. काका नाही म्हणत नसत. एका घराचं सामान आलं, मग दुसऱ्या घराचं. मी पनवेलला आलो तोपर्यंत काकांच्या माजघरात शिरायचं तर अंग तिरपं करावं लागत होतं. त्यांची स्वतःची खाट कुठे आहे ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ती तीन कपाटांच्या मागे होती आणि ते तिच्यापर्यंत एका टेबलाखालून वाकून जात.

पेन्शन बेताची, कौलं गळकी. सामान विकून चार पैसे हाती आले तर हवेच होते. पण त्यांच्या विक्रीची तऱ्हा ही अशी. मुलगी बापाला बोलवून थकली होती. कोणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं. "मी गेलो तर या सामानाला कोण बघणार?"

आमचा त्यांचा खरा संबंध जडला तो शिवणयंत्रावरून. माझ्या बायकोला, सुमनला, यंत्र हवं होतं. नवं घेण्याची ऐपत नव्हती. काकांच्या ओट्यावर एक काळं, पायाने चालवायचं यंत्र होतं. एलिजा टेलर नावाच्या माणसाचं. तो बायकोला, हन्नाबाईला, घेऊन वर्षापूर्वी गेला होता. काकांनी सुमनला समोर बसवून सगळ्या खोडी सांगितल्या. पावसाळ्यात ते रुसतं. जाड कापड दिलं की सुई मोडतं. चाक फिरताना किर्र आवाज येतो, तो काढायच्या भानगडीत पडू नका, आवाज गेला की टाका चुकतो. सुमनने सगळं ऐकून घेतलं, एलिजाच्या लग्नाची हकिगतसुद्धा ऐकली, आणि म्हणाली, "काका, मला चालेल." काकांना सवय नसल्याने ते गोंधळले. "नक्की ना, बाय? खोडी आहेत हो."

यंत्र आमच्याकडे आलं आणि त्याच्या मागोमाग काका येऊ लागले. आठवड्यातून एकदा, हातात तेलाची बुधली. आल्या आल्या विचारत, "कसं आहे?" पहिल्यांदा मी म्हणालो, ठीक आहे, कचेरीत काम जरा जास्त आहे. ते थांबून म्हणाले, "ते असू दे. यंत्र कसं आहे?" एकदा सुमन तापाने अंथरुणात होती. काकांनी आधी यंत्राला तेल घातलं, चाक फिरवून आवाज ऐकला, मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुला काय झालं?" दुसऱ्या दिवशी मात्र मेथी घातलेली तांदळाची पेज घेऊन आले. ती पेज इतकी कडू होती की तिच्या धाकाने ताप उतरला, असं सुमन पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

हळूहळू मला कळलं की विकलेल्या प्रत्येक वस्तूच्या घरी काकांचा असा फेरा असतो. भातगिरणीच्या मुकादमाकडे खाट, वैद्यांकडे कपाट, जासईच्या एका घरात घड्याळ. ते घड्याळ बघायला ते वाटेत मिळेल त्या मिठाच्या बैलगाडीत बसून जात. लोक हसत. वस्तू घेतली की ओव्हरसियर फुकट मिळतो, असं म्हणत. पण चहा सगळे देत.

सुमन यंत्रावर चांगली रमली. आधी घरचे कपडे, मग शेजारणींची पोलकी, मग दोन गल्ल्या पलीकडच्या बायकाही येऊ लागल्या. स्वतःच्या मिळकतीतून तिने पहिल्यांदा पितळेची कळशी आणली तेव्हा ती दिवसभर ओसरीवरच ठेवली होती, आल्यागेल्याला दिसावी म्हणून.

त्यानंतर पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काका आले. वार नेहमीचा नव्हता आणि हातात बुधली नव्हती. ते खुर्चीवर बसले. सुमनने चहा ठेवला. यंत्र समोरच होतं, पण त्यांनी ते कसं आहे हे विचारलं नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. चहा पिऊन झाला तरी बसून राहिले. मी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, त्यांना त्यांनी हूं हूं केलं.

शेवटी सुमनच म्हणाली, "काका, कोणी आलंय का? सकाळपासून तुमच्या घरात बोलण्याचा आवाज येतोय."

काका टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "एलिजा परत आला. हन्ना पण."

मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. एलिजाला तिकडे शिंपीकाम मिळालं नव्हतं. इमारतींवर, शेतात, मिळेल तिथे तो राबला. भाषा जमेना, थंडी सोसेना, हन्नाबाईने तर हाय खाल्ली. त्यांच्यासारखेच आणखी काहीजण परत यायला निघाले, त्यांच्याबरोबर तेही आले. नेसत्या कपड्यांनिशी. पनवेलला त्यांचं आता कोणी नव्हतं, तेव्हा सरळ काकांच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मी काही मागायला आलो नाही," काका म्हणाले. "विकलेली वस्तू मागायची नसते. सांगायला आलो, एवढंच."

मी सुमनकडे पाहिलं. यंत्र तिचं होतं आणि त्याच्यावर घडी घातलेलं शेजारणीचं कापडही तिच्याच भरवशावर आलेलं होतं. ती उठली, कापडाची घडी उलगडून पाहिली, पुन्हा घातली.

"उद्या संध्याकाळपर्यंत राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "दोन पोलकी बेतून ठेवलीत. तेवढी पुरी करते."

काकांनी कोटाच्या खिशातून रुमालाची गाठ काढून टेबलावर ठेवली. तिने दिलेले पैसे त्यात होते. मी नको नको म्हणणार तोच सुमनने ती उचलली आणि डब्यात ठेवली. नंतर मला म्हणाली, "घेतले नसते तर ते पुन्हा आपल्या दारात आले नसते."

दुसऱ्या दिवशी एलिजा स्वतः यंत्र न्यायला आला. खप्पड गालांचा, अबोल माणूस. त्याने चाकावर हात ठेवून एकदा फिरवलं आणि किर्र आवाज आला तशी मान खाली घातली. सुमन पदराने उगाचच यंत्राचं लाकूड पुसत राहिली.

पुढचे काही महिने भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येई, हन्नाबाईचं बोलणं येई, आणि काकांचं हसणंही. काकांना हसता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं. रविवारचा ओटा बंद पडला. आमच्याकडचे फेरेही थांबले. कशाला येतील, यंत्र घरातच होतं. आम्हाला चुकल्यासारखं झालं, पण ते बरं चुकणं होतं. एका गोष्टीची मात्र काकांना खंत होती. त्या घरात दोन माणसांना अंग टाकायला जागा नव्हती. एलिजा कपाटांच्या मधल्या बोळात झोपे आणि हन्नाबाई स्वयंपाकघरात चुलीजवळ. काका मला एकदा म्हणाले, "सगळ्यांचं सामान ठेवलं मी, कर्णिक. माणसाला जागा नाही ठेवली."

पावसाळा सरता सरता एलिजाला मुंबईत भायखळ्याकडे एका कपड्याच्या दुकानात काम मिळालं. राहायला खोली मिळाली. पनवेलला शिवून पोट भरणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. एस. टी. स्टँडवर मीही गेलो होतो. यंत्र टपावर चढवताना काका हमालाला सारखे सांगत होते, आडवं नको, उभं बांध. गाडी निघाली तेव्हा हन्नाबाई खिडकीतून हात हलवत होती. काकांनी हात हलवला नाही. ते टपाकडेच पाहत होते.

त्या रविवारी त्यांनी बाजारपेठेतल्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला बोलावलं. तो बैलगाड्या घेऊन आला. कपाटं, खाटा, टेबलं, लियाबाईंचा आरसा, सगळं एकामागून एक बाहेर पडलं. काका ओट्यावर उभे होते. व्यापारी काय देतो ते त्यांनी नीट ऐकलं की नाही कोण जाणे. एकाही वस्तूची खोड त्यांनी सांगितली नाही. आरसा गाडीत चढताना मीच न राहवून म्हणालो की हा डावीकडून रोड दाखवतो. व्यापाऱ्याने माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

गाड्या गेल्यावर आम्ही आत गेलो. घर एवढं मोठं आहे याची मला कल्पना नव्हती. बोललं की घुमत होतं. काकांनी सगळ्या खोल्या झाडून घेतल्या आणि भिंतींना चुना काढायला माणूस सांगितला. पाहुण्यांसाठी म्हणून दोन नव्या गाद्या भरून घेतल्या आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या.

मला वाटलं, आता जाणार. सामानाची अडचण होती, तीही मिटली. मी विचारलं, "मग काका, मुलीकडे कधी निघायचं?"

"मी कशाला जाऊ?" ते म्हणाले. "एलिजा आला, तसा उद्या आणखी कोणी आला तर? पनवेलला येऊन कुणाचं दार वाजवेल तो?"

कोणी आलं नाही. तो हिवाळा गेला. गाद्या तशाच गुंडाळलेल्या राहिल्या. आता आमच्याकडे यायला त्यांना यंत्राचं निमित्तही उरलं नव्हतं. सुमन बोलावी, तेव्हा ते बघू बघू म्हणत आणि येत नसत.

मग एका शुक्रवारी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. टोपी नीट करत सुमनला म्हणाले, "बाय, आज दिवेलागणीला दोघं या. जेवायलाच या. सुरमई आणली आहे."

आम्ही गेलो. रिकाम्या माजघरात पांढरी चादर अंथरली होती. काकांनी अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता. तेलाचा दिवा लागलेला. समोर काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला, आणि फडक्याखाली झाकलेल्या भाकऱ्या. आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी मावळतीला लागतो, काकांनी समजावून सांगितलं. घरच्या कर्त्याने पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हणायचा. बाकीच्यांनी नुसतं बसायचं.

"बसायला मी तुम्हाला बोलावलं, तुमची हरकत नाही ना?" त्यांनी विचारलं. "एवढी वर्षं हा आशीर्वाद म्हणतोय. पण रिबेका गेल्यापासून आणि पोरगी गेल्यापासून, मधले एलिजाचे महिने सोडले तर, शेवटी आमेन, म्हणजे तथास्तु, म्हणायला कोणी नसतं. आपलं आपणच म्हणून चालत नाही ते."

मग त्यांनी पेला उचलला आणि डोळे मिटून हिब्रूत म्हणू लागले. आवाज सुरुवातीला कापरा होता, मग स्थिर झाला. आम्हाला एक अक्षर समजत नव्हतं. कुठे संपणार तेही कळत नव्हतं. एका जागी ते थांबले. डोळे मिटलेलेच होते, पेला हातात तसाच धरलेला. दिव्याची वात तडतडली.

सुमनने पदर डोक्यावरून घेतला आणि हळूच म्हणाली, "आमेन."