कुलपातलं गणित

आमच्या शेजारच्या सुभेदार आबांच्या हाती झाकलेला डबा देऊ नये. आधी तळहातावर तोलणार, मग कानाशी नेऊन हलवणार आणि न उघडता आत काय आहे ते सांगणार. परवा माझ्या डब्याला छातीठोकपणे "ताक" म्हणाले. निघाली शिकरण, तीही थेट कानात. "झाकण ढिल्लं हुतं," म्हणाले. चूक कबूल करतील तर ते सुभेदार कसले!

ही खोड फौजेतली नव्हे, लेकीची. आबा रजेवर आले की लहानगी शीतल त्यांच्या काळ्या ट्रंकेवर चढून बसायची आणि आत काय आणलंय ते ओळखायची. रजा संपली की पुन्हा तिथंच ठाण. "अजून वळखतीया," म्हणायची, उठायचं नाव नाही.

आता शीतल बंगळूरला कॉम्प्युटरची चिप बनवते. आबा ते पारावर बसून सगळ्यांना समजावतात. "दवाखान्याची म्हायती कुलूप घालून धाडायची. मशीननं कुलूप न काढता हिशेब करायचा. उत्तर बी कुलपातच. उघडणार किल्लीवाला. आमचाच खेळ की! पर कुलपातलं गणित लय हळू चालतंय. त्ये पळवायला पोरगी चिप करतीया."

चिप काही पुरी होत नाही, म्हणून लेक घरी येत नाही. आबांनी भैरोबाला चिपेसाठी नारळ बोललाय. "चिप कोण?" पुजाऱ्यानं विचारलं. "नात समज," आबा म्हणाले.

फोनवर मात्र "कवा येतीस?" कधी विचारत नाहीत. "चिप तापती का अजून?" एवढंच. मग फोन हातात धरून अंगणात उभे. शीतलची आई गेल्यापासून त्या घरात दुसरं कोणी नाही. लेकीवाचून त्यांना करमत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात ती दोन दिवस आली. निघायच्या सकाळी वडापवाला कोपऱ्यावर जीपचा हॉर्न देत होता आणि शीतलची बॅग सापडेना. मी शोधायला गेले, तर आबा मागच्या ओट्यावर त्याच बॅगेवर बसलेले. माझ्यामागून शीतल आली.

"आबा, उठा. गाडी जाईल."

"थांब. आत काय हाय वळखतोय."

"तुमीच दिलेलं लाडू हायती की."

"गप. सांगू नगं."

शीतलनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी टेकली. वडापवाल्याला मी हातानंच जा म्हणून सांगितलं.

"लय हळू चालतंय तुमचं गणित, आबा," ती म्हणाली.

"असू दे," आबा म्हणाले. "ह्येला चिप नगं."