लाल पुस्तकाचा पायगुण

सयाजी डॉक्टरला स्वतःच्या निवडीबद्दल कधी शंका आली नव्हती, आणि पुस्तक निवडायचं काम अंगावर आलं तेव्हाही आली नाही. महाराजांच्या राज्यात कोल्हापूरच्या एका इस्पितळात सयाजीसारखे नवे डॉक्टर उमेदवारी करत होते. त्यांच्या खिशात राहील असं औषधांचं एक पुस्तक ठरवायचं होतं. मोठे डॉक्टर गणपतराव म्हणाले, "आठवडाभर वापरून बघा. निवड पटली तर रविवारच्या कुस्त्यांना मैदानाच्या कडेला डॉक्टर म्हणून तुम्ही बसायचं. नाही पटली तर इथं बसून गळवं फोडायची."

कुस्तीचं नाव निघताच सयाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुण्याहून नमुन्याला पुस्तकं आली होती. एकानं कोटाचा खिसाच उसवला, दुसऱ्यातली अक्षरं मुंगीएवढी. तिसरं मात्र लाल पुठ्ठ्याचं, सुबक, मागं आजारांची सूची. "हेच!" सयाजीनं ठणकावून सांगितलं.

पहिल्याच दिवशी उचगावच्या बायडाबाई पोट धरून आल्या. सयाजीनं नाव विचारलं, वय विचारलं, मग लाल पुस्तक काढून ओळींवरून बोट फिरवलं. औषध दिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "परवापर्यंत उतार पडेल, मावशी."

आता नाव विचारून, बारक्या पुस्तकावर बोट फिरवून पुढचं सांगणारा माणूस बायडाबाईंनी जन्मात एकच पाहिला होता, गावचा जोशी. तिसऱ्या दिवशी पोट दुखायचं थांबलं आणि बाई लेकीला घेऊन हजर झाल्या.

"हिला काय होतंय?" सयाजीनं विचारलं.

"काय बी होत न्हाय. लगीन कवा हाय तेवढं बगा की पुस्तकात."

"मावशी, हे औषधांचं पुस्तक आहे!"

"व्हय व्हय, आमी कुणाला सांगत न्हाय," असं म्हणून बाईंनी साऱ्या बाजारात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दिलदार टांगेवाला आला. त्याची शेळी हरवली होती. "कुठं गेली ते ऱ्हाऊ द्या," तो समजूतदारपणे म्हणाला. "जित्ती हाय का तेवढं सांगा. ते तर तुमच्याच खात्यातलं हाय."

सयाजी खवळला. "जिथं चारा, तिथं शेळी! निघा!"

शेळी गवताच्या अड्ड्यावर सापडली. मग काय विचारता! शनिवारी व्हरांडा फुलून गेला, आणि त्यात आजारी कोण हे शोधताना सयाजीला घाम फुटला. निवड सोळा आणे बरोबर होती, यावर तो अजूनही ठाम होता. रोगीच चुकीचे आले तर त्याला पुस्तक काय करणार?

तेवढ्यात गणपतराव आले. रांग लावणाऱ्या बायडाबाईंनी त्यांना अडवलं. "रांगेनं या, पावणं!" मोठे डॉक्टर मुकाट्यानं मागं जाऊन उभे राहिले. सयाजीच्या डोळ्यांपुढं गळवं नाचू लागली.

पाळी आल्यावर गणपतराव आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"एवढी माणसं या इस्पितळात मी कधी पाहिली नव्हती. पुस्तक पसंत. उद्या मैदानावर तुम्हीच बसा."

"मी सांगितलंच होतं, साहेब!" सयाजीची छाती फुगली.

गणपतरावांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. "आता जरा काढा ते. उद्या आपला जोतीराम पैलवान मारतोय न्हवं कुस्ती?"

सयाजीनं लाल पुस्तक उघडलं, सूचीवरून बोट फिरवलं, निखळलेल्या खांद्याचं पान काढलं आणि ठामपणे म्हणाला, "साहेब, दोघांतल्या एकाचा खांदा जाणार, हे नक्की."

गणपतरावांचा चेहरा पडला. "मग नाव बी बगा की तेवढं."