महादूतात्यांच्या शेंगा

खाडीवरून परतणाऱ्या माणसाला महादूतात्या आपल्या दारात अडवत आणि त्याचे पाय खरवडत. पाय धुऊन घरात घेणारी माणसं मी माहेरी पुष्कळ पाहिली होती, पण इथे धुवायचा प्रश्नच नव्हता. हातात नारळाची करवंटी, समोर घमेलं. "धर पाय वर," म्हणायचे आणि पोटरीपासून टाचेपर्यंतचा चिखल घमेल्यात ओढून घ्यायचे. मग ती मासेवाली असो की मिठागराचा मुकादम. घमेलं भरलं की डोक्यावर घेऊन बांधावर जायचे आणि चिखल जिथला तिथे थापून यायचे.

मी साताऱ्याकडची, नवी नवरी. न राहवून एकदा विचारलं, "तात्या, एवढ्याशा चिखलानं खाडीला काय होणार हो?"

"तुज्या डब्यातलं मूठभर तांदूल कोनी रोज नेलं, तर चालंल?"

"नाही चालणार."

"मंग? खाडीला इचारलंस काय, नेऊ का म्हनून?"

"खाडीला इचारलंस काय" हे त्यांचं पालुपद. कुणी घराला पडवी काढू दे, कुणी म्हैस घेऊ दे, कुणी पोराचं लग्न ठरवू दे, तात्यांचा पहिला प्रश्न हाच. खाडी काय उत्तर देते ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

ही गोष्ट ठाण्याची. चेंदणीच्या पुढे खाडीकडे गेलं की आगऱ्यांची एक वस्ती होती, तिथे आम्ही दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचे हे टेंभी नाक्याजवळ एका वकिलांकडे कारकून. घरात सासूबाई, धाकटी नणंद सुशा, आणि मी. कुंपणापलीकडे महादूतात्या, एकटेच. पन्नाशी उलटलेला, काळा, वाळक्या लाकडासारखा माणूस. कमरेला रुमाल, डोक्याला दुसरा रुमाल. जन्म मिठागरात गेला, आता गावाच्या बांधाची राखण करत. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मधे तात्या.

घड्याळ त्यांना मान्य नव्हतं. ह्यांनी एकदा त्यांना रविवारी चारला चहाला बोलावलं. तात्या सव्वासहाला आले. चहाचं आधण तोवर तीनदा आटलेलं.

"तात्या, चारला म्हटलं होतं ना?"

"तुमचा चार आज पान्याखाली व्हता," तात्या म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेतला. वाट भरतीत बुडाली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पण त्यांचा खरा जीव तिवरांत. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवरांची दाटी होती. ही झाडं खाऱ्या चिखलात गुडघाभर उभी, आणि मुळांचे खुंट जमिनीतून वर आलेले, जणू कुणी पेन्सिली रोवून ठेवल्यात. उधाणाची लाट आधी ह्या झाडांवर आपटे, आणि बांधापर्यंत येईतो तिचा जोर संपे. गावाला मात्र त्या झाडांत फक्त सरपण दिसे. सगळेच तोडत. मीसुद्धा एकदा मोळी घेतली होती. चूल पेटवून दहा मिनिटं झाली नाहीत तोच तात्या नाक वर करून मागच्या दारात हजर.

"सूनबाय, तिवराचा धूर येतोय."

"तात्या, लाकडं ओली आहेत, सगळ्यांचाच धूर होतो."

"मना शिकवतंस? त्याच्या मुलांत, त्या खुंटांत, कोलबीची पिलं रातात, चिंबोऱ्या रातात, निवटे रातात. ह्यो पालना हाय. पालना जालून भाकर भाजतंस?"

भाकरी तव्यावर होती. ती मी उलटली. नंतर मी गोवऱ्या घ्यायला लागले.

त्या वर्षी एक कल्याणकडचा वीटभट्टीवाला गावात आला आणि उरलेली सगळी तिवरं तोडायला मागू लागला. पंच तयारच होते. तात्या पंचांपुढे जाऊन बसले ते उठेचनात. बांधाला एक जुनी खांड होती, म्हणजे पूर्वी पाण्याने फोडलेली आणि मग दगडमातीने बुजवलेली जागा. तिच्यापुढे झाड नव्हतं. शेवटी पंच कंटाळून म्हणाले, "तात्या, नारळी पौर्णिमेपर्यंत खांडीच्या तोंडाशी तू झाडं लावून दाखव. दाखवलीस तर तोड बंद. नायतर भट्टीवाल्याला होकार."

खाऱ्या चिखलात झाडं लावायची, ही कल्पना ऐकून सगळी बैठक हसली. तात्या हसले नाहीत. ते होडी घेऊन गेले, "दोन भरत्या लांब" एवढंच सांगून. तिसऱ्या दिवशी आले ते गोणपाटात शेंगा घेऊन. कांदळाच्या, म्हणजे तिवरासारख्याच खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाच्या. ह्या झाडाची गंमत अशी की बी झाडावरच रुजतं, लांब हिरवी शेंग होऊन लोंबतं, आणि खाली पडलं की चिखलात उभं रोवलं जातं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं, हाच घोटाळा.

लावणीजोगी ओहोटी मिळेपर्यंत तात्यांनी त्या शेंगा आमच्या परसात, विहिरीच्या सावलीला ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. "माज्या घरात उंदीर हायेत," म्हणाले. पण तात्यांनी ते सांगितलं आमच्या ह्यांना, आणि हे आम्हाला सांगायला विसरले. वकिलाची तारीख त्यांच्या लक्षात राहायची, घरातलं काही राहायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी सुशाला बघायला डोंबिवलीची माणसं यायची होती. सासूबाई देवळात जाता जाता म्हणाल्या, "शेंगांची आमटी कर गं. त्यांना आवडते असं कळलंय. शेंगा आणून ठेवल्यात."

कुठे ठेवल्यात ते त्या सांगायच्या राहिल्या. मी परसात गेले, गोणपाट उचललं, तर ह्या हातभर लांब हिरव्यागार शेंगा! मी मनात म्हटलं, ठाण्याकडचा शेवगा जरा जाडच दिसतो. विळी जड चालत होती, सालीवर बारीक पुटकुळ्या होत्या, पण माहेरची शिकवण अशी की पाहुण्यांना हात आखडून वाढू नये. सगळ्या चिरल्या. चाळीसेक तरी असतील.

पंगत बसली. मुलाच्या काकांनी एक तुकडा तोंडात घातला आणि चावू लागले. चावतच राहिले. मुलाच्या वडिलांनी दुसरा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं की मीठ विसरले.

"शेंग जरा निबर आहे," काका शेवटी म्हणाले.

"ही इकडचीच जात का?" वडिलांनी विचारलं.

"इकडचीच," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. त्यांनी अजून चाखली नव्हती.

मंडळी भली होती. तुकडे ताटाच्या कडेला लावून ठेवले, आमटीचं पाणी तेवढं भातावर घेतलं आणि जाताना पसंती सांगून गेली. मग सासूबाईंनी आमटी तोंडात घातली. त्यानंतर दोघी मिळून शोधलं तेव्हा शेवग्याच्या शेंगा दारामागच्या खुंटीला पिशवीत सापडल्या.

संध्याकाळी तात्या परसात आले. मी आतून पाहत होते. त्यांनी गोणपाट उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग त्यांची नजर उकिरड्यावर, चिरलेल्या टोकांवर गेली. ते मागच्या दाराशी आले. मला रडू आवरेना.

"पावने गेले काय?"

"गेले."

"पोर पसंत हाय?"

"हो."

"आमटी उरलीय?"

मी वाटी दिली. त्यांनी बोट बुडवून चाटलं, विचार केला. "कडू हाय," म्हणाले. "जल्मभर बघतोय, चव आज कलली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोनाला बोलू नको. वस्तीला कललं की डोंबिवलीला कलल. पोरीचं मोडंल, आनि खापर तुज्यावर फुटंल."

"पण तात्या, तुमच्या शेंगा... पौर्णिमा परवावर आली."

"ते मी बघतो."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. होडीने जाऊन येण्याइतके दिवसच नव्हते.

नारळी पौर्णिमेला सगळी वस्ती बांधावर जमली. नारळ वाहून झाले आणि पंच खांडीपाशी आले. समोर नुसता चिखल चमकत होता.

"काय रे तात्या, झाडं कुठं हायेत?"

"चिंबोऱ्यांनी खाल्ली," तात्या म्हणाले.

एवढा हशा मी त्या गावात पुन्हा ऐकला नाही. खाडीचा कण न् कण ओळखणारा माणूस, आणि त्याला चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी फसवलं! "तात्या, चिंबोऱ्यांना इचारलंस काय?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि बायकांनीही तोंडाला पदर लावले. मी बायकांतच, प्रसादाचा नारळ घेऊन उभी होते. मी पुढे होऊन तोंड उघडलं.

"सूनबाय," तात्या तिकडून जोरात म्हणाले, "हातातला नारल सांबाल, परल."

मी तोंड मिटलं. ते मी मिटायला नको होतं, असं मला आजही वाटतं. सुशाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर थाटात झालं आणि दिवाळीपासूनच भट्टीवाल्याची माणसं तिवरांत कोयते घेऊन शिरलेली होती.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या उधाणाला खांड फुटली. खारं पाणी सहा शेतांत शिरलं, लावणीसाठी वाढवलेलं भाताचं आवण जळून गेलं. गावाने तीन दिवस दगडमाती टाकून भगदाड बुजवलं, तात्या सगळ्यांत पुढे.  शेवटी पंचच म्हणाले: "तात्या, लाव बाबा तुजी झाडं. कोयता बंद."

तात्या पुन्हा दोन भरत्या लांब जाऊन आले आणि गोणपाट घेऊन थेट आमच्या परसात. सासूबाई म्हणाल्या, "अहो, ह्या घरात पुन्हा ठेवताय?"

"ठेवतंय, काकी."

"उंदीर अजून आहेत का तुमच्याकडे?"

"उंदीर कवाच नवते," तात्या गोणपाट सारखं करत म्हणाले. "दिसातून तीन येला पानी मारावं लागतं. मी बांधावर असतंय. माज्या घरात पानी मारायला कोन हाय?"

मी पाणी मारलं, दिवसातून चारदा. लावायच्या दिवशी तात्यांनी पहिली शेंग माझ्या हातात दिली, आणि मी नऊवारी खोचून चिखलात उतरून ती रोवली. शंभरेक शेंगांत माझी कुठली ते मला पुन्हा कधी ओळखता आलं नाही. तात्यांना येई. बांधावरून परतताना ते कुंपणापाशी थांबून सांगत, "सूनबाय, तुज्याला दोन पानं आली." मी आतून "बरं हो" म्हणे, आणि ते जात.

एकदा मी आत दळत होते. तात्यांची हाक ऐकली, पण जात्याच्या घरघरीत उत्तर द्यायचं राहून गेलं. दळण संपवून, पीठ भरून बाहेर आले तर ते कुंपणापाशी तसेच उभे होते.

"चार पानं झाली," म्हणाले, आणि घरी गेले.