हरळी मेली पाहिजे

अकोल्याच्या वैशाखात माणसं जीव वाचवायची धडपड करतात. चंद्रभान मात्र अंगणातली हरळी मारायच्या मागे लागले होते. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेनं रानफुलांचं बी पेरलं, तर हरळी कानामागून आली आणि तिखट झाली. यंदाही फुलं हरली तर फरशीच बसवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून अंगणभर काळी ताडपत्री अंथरून त्यांनी कडेनं दगड ठेवले.

“लीला, महिनाभर कोपराबी उचलू नको. उन्हानं मुळासकट उकडून मेली पायजे!”

पंधरवडा गेला. मग एका पहाटे ते नवं बी आणायला वरूडला निघाले आणि मोबाइल घरीच विसरले.

त्या नव्या वस्तीत शेजार म्हणजे उस्मानभाईंचं एकच घर. महिनाभर लेकीकडे राहून ते दुपारी परतले, तर समोर ताडपत्री! लग्न नाही, बारसं नाही, आणि अंगणात ताडपत्री? मयत तर नाही? चंद्रभानना फोन लावला, कुणी उचलेना. दार वाजवलं, तर लीलाबाई आत कूलरच्या घरघराटात गाढ झोपलेल्या. उस्मानभाईंनी बार्शीटाकळीला चंद्रभानच्या बहिणीला, कौशल्याबाईंना, फोन केला. “अंगनात ताडपत्री टाकेल हाय, दादा फोन उचलत नाही,” एवढंच ते बोलले. उरलेलं बार्शीटाकळीनं जोडलं.

उस्मानभाई मदतीला कायम पुढे. येणारी माणसं उन्हात कशी बसतील, म्हणून त्यांनी दगड काढून ताडपत्री कडुनिंबाखाली ओढली. धूळ बसावी म्हणून मोकळ्या जागेवर भरपूर पाणीही मारलं.

तासाभरात बार्शीटाकळीची माणसं येऊन पोचली. रडण्याच्या आवाजानं लीलाबाईंनी दार उघडलं. कौशल्याबाई गळ्यातच पडल्या.

“वहिनी, आपला दादा गेला वं!”

“काय बोलून राहिल्या? सकाळी तं चांगले गेले वरूडले!”

“वरूडले?” कौशल्याबाईंचे यजमान पुंजाजी गर्रकन वळले. “मंग रस्त्यातच झालं! कोनत्या दवाखान्यात ठेवलं?”

जो तो दुसऱ्याला विचारू लागला. कुणालाच माहीत नाही, म्हणजे प्रकरण गंभीरच. लीलाबाई ताडपत्रीवर कोसळल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला.

संध्याकाळी फाटक वाजलं. काखेत बियाण्याची पिशवी घेऊन चंद्रभान आत आले. रडणं जागच्या जागी थांबलं. उस्मानभाईंच्या हातातली बादली सुटली. लीलाबाई धावल्या आणि नवऱ्याला गदागदा हलवू लागल्या.

“अवो, तुमी जिते हा!”

चंद्रभानचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ओल्या अंगणात पिवळ्या काड्यांमधून हरळीचे कोवळे कोंब डोकावत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“लीला,” ते कसेबसे म्हणाले, “हरळी बी जितीच हाय वं!”

आणि मटकन ताडपत्रीवर बसून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. पुंजाजी शेजारी सरकले, पाठीवरून हात फिरवू लागले.

“धीर धरा, दादा,” ते म्हणाले.